खेळण्याच्या खोक्यात पुरावाही हवा

डिसेंबर २०२०मध्ये चीनमधल्या हनान प्रांताच्या संग्रहालयाचं एक खोकं बाजारात गाजलं आणि बघता बघता संपलं. आत मातीचं घट्ट ढेकूळ आणि सोबत चिमुकलं फावडं. ढेकळाच्या पोटात काय दडलंय ते खोदल्याशिवाय कळायचं नाही. कुणाला कांस्यपात्र मिळे, कुणाला मुद्रा, कुणाला छोटी मूर्ती. सगळ्या अर्थातच प्रतिकृती, पण संग्रहालयातल्या वस्तूंवरून बेतलेल्या. खोक्यातलं ते फावडं म्हणजे ‘लोयांग फावड्या’चं लघुरूप. अर्धगोल पात्याचं हे अवजार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये थडगी लुटणाऱ्यांनी घडवलं. जमिनीत खोल खुपसून वर ओढलं की खालच्या मातीचा नमुना हाती येतो आणि तिथे थडगं आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. चोरांची ही युक्ती पुढे पुरातत्त्वज्ञांनी उचलली आणि तिथल्या उत्खननांत ते फावडं रुळलं.

अवजार एकच, पण ते हाती घेणाऱ्यांचा धंदा वेगळा. लुटारू वस्तू उचलतो आणि पसार होतो. संशोधक ती कुठे सापडली, किती खोल, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, हे आधी वहीत टिपतो आणि मगच तिला हात लावतो. प्राचीन संस्कृतींच्या नावानं मुलांसाठी जी पुस्तकं, खेळ आणि भेटवस्तू विकल्या जातात, त्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. मुलाच्या हाती वस्तू पडते तेव्हा ‘हे आपल्याला कसं कळलं?’ हा प्रश्नही सोबत येतो का? आपल्या बाजारातला बहुतेक माल या कसोटीवर नापास होतो.

आपल्याकडच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांना मिळणारे ‘उत्खनन संच’ पाहावेत. प्लास्टरची वीट, तिच्यात पिरॅमिड, ममी किंवा डायनोसॉरचं हाड, आणि सोबत प्लास्टिकची छिन्नी-हातोडी. डायनोसॉर नाहीसे झाले त्याला साडेसहा कोटींहून अधिक वर्षं लोटली आणि गिझाचा मोठा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. पण दुकानाच्या फळीवर दोघं शेजारी नांदतात. मूल वीट फोडतं, ममी धुऊन कपाटात ठेवतं आणि भुगा केरात जातो. खऱ्या उत्खननात या भुग्यालाच मोल असतं. माती चाळली जाते, पाण्यात खळबळून तिच्यातलं जळकं धान्य वेगळं काढलं जातं, कारण त्या दाण्यावरून गावानं काय पेरलं आणि काय शिजवलं ते कळतं. पुरातत्त्वज्ञ दोऱ्या ताणून जमिनीवर चौकोन आखतात, एकेक थर हलक्या हातानं खरवडतात, खापराच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतात. यातलं काहीच विटेत नाही. विटेनं मुलाला शिकवलं ते एवढंच, की भूतकाळ म्हणजे गाडलेला खजिना आणि तो फोडून काढायचा असतो.

खेळांच्या बाबतीत दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. लिओनार्ड वूली यांना १९२०च्या दशकात, आजच्या इराकमधल्या ऊर इथल्या राजदफनभूमीत शिंपले आणि लाजवर्द जडवलेले खेळाचे पट सापडले. वीस घरं, त्यातल्या पाच घरांवर फुलाची नक्षी, वय सुमारे साडेचार हजार वर्षं. पट मिळाले, सोंगट्या मिळाल्या, पण खेळायचं कसं? ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी इसवी सनापूर्वी १७७ सालच्या सुमारास एका बाबिलोनी लेखनिकानं लिहिलेली मातीची पाटी वाचली आणि तिच्यात या जातीच्या खेळाचे नियम निघाले. पट आणि पाटी यांच्यामध्ये दोन हजारांहून अधिक वर्षं आहेत. म्हणजे आज खेळतात ती पद्धत उत्तरकालीन नियमांवरून मागे जाऊन जुळवलेली आहे आणि फिंकेल ते मोकळेपणानं सांगतात. याच जातीचा वीस घरांचा खेळ कोचीनच्या ज्यू समाजात विसाव्या शतकापर्यंत टिकून होता, असाही माग त्यांनी काढला. आज या पटाच्या प्रती जगभर विकल्या जातात. सोबतच्या पत्रकात ही सगळी हकिगत असेल तर खेळणारं मूल दोन गोष्टी शिकतं: डाव कसा टाकायचा, आणि हरवलेला डाव माणसं कशी शोधून काढतात.

इजिप्तच्या सेनेटचं तसं नाही. १९२२मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी उघडलेल्या तुतनखामूनच्या थडग्यात या खेळाचे पट होते आणि राणी नेफरतारीच्या थडग्यातल्या भिंतीवर ती सेनेट खेळताना रंगवलेली आहे. तीन ओळी, तीस घरं. मात्र नियम सांगणारा लेख हाती आलेला नाही. बाजारातल्या सेनेटचे नियम विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी चित्रांवरून आणि धार्मिक मजकुरावरून कल्पिले आहेत. त्यात वावगं काही नाही. वावगं तेव्हा होतं, जेव्हा खोक्यावर ‘फॅरो असाच खेळत’ असं ठोकून दिलं जातं. ‘हे नियम आमचा अंदाज आहेत, तुम्हाला याहून बरे सुचतात का पाहा’ असं एक वाक्य छापलं असतं तर खेळ दुप्पट रंगला असता.

पुस्तकांची गतही पुष्कळदा अशीच असते. मुलांच्या कितीतरी चित्रपुस्तकांत चाबकाचे फटके खात दगड ओढणारे गुलाम अजून पिरॅमिड बांधत असतात. वास्तविक १९९०पासून गिझाजवळ कामगारांची थडगी सापडत गेली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत मानानं पुरलेल्या त्या माणसांना गुलाम म्हणणं अवघड आहे. जवळच त्यांच्या वस्तीतल्या पाव भाजायच्या भट्ट्या आणि जनावरांच्या हाडांचे ढीगही मिळाले. २०१३मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतून चुनखडी नावेत भरून गिझाला न्यायची, हे त्याच्या टोळीचं काम. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम केला, किती खेपा झाल्या, हे सगळं पपायरसवर नोंदलेलं आहे. चाबकापेक्षा मुकादमाची ही हजेरीवही मुलांना जास्त आवडेल, कारण तीत माणसं आहेत, नदी आहे, रोजचं काम आहे.

मुलांना पुराव्यात रस नसतो, त्यांना गोष्ट हवी असते, असं प्रकाशक म्हणतात. हे म्हणणं टिकत नाही. टेरी डियरी यांच्या ‘हॉरिबल हिस्ट्रीज’ मालिकेची पहिली पुस्तकं १९९३मध्ये आली, त्यांतलं एक इजिप्तवर होतं. घाण, रोगराई, विचित्र औषधं, राजांचे मूर्खपणे असा मसाला वापरून या मालिकेनं पाठ्यपुस्तकाला कंटाळलेल्या मुलांना इतिहासाकडे ओढलं. त्याआधी, १९७९मध्ये, डेव्हिड मॅकॉले यांनी ‘मोटेल ऑफ द मिस्टरीज’ या सचित्र पुस्तकात ‘हे आपल्याला कसं कळलं?’ याच प्रश्नाचा विनोद केला. इसवी सन ४०२२मधला एक हौशी संशोधक जमिनीखाली गाडलेलं विसाव्या शतकातलं अमेरिकी मोटेल उकरतो, त्याला थडगं समजतो, दूरदर्शन संचाला पूजास्थान ठरवतो आणि कमोडचं बसकं धार्मिक अलंकार म्हणून गळ्यात मिरवलं जातं. हसता हसता मुलाच्या मनात शंका रुजते: मग मोहेंजोदडोच्या वस्तूंना आपण देतो ते अर्थ तरी किती खरे?

मोहेंजोदडोचं नाव निघालंच आहे, तर खेळण्यांच्या बाबतीत सिंधू संस्कृतीइतकं समृद्ध भांडार शोधून सापडणार नाही. दोरीवरून वरखाली सरकणारं मातीचं माकड, दोरी ओढली की मान हलवणारा बैल, पक्ष्याच्या आकाराची शिट्टी, चाकांच्या गाड्या आणि घनाकार फासे. त्या फाशांचं एक वैशिष्ट्य कोणत्याही मुलाला घरबसल्या तपासता येईल. आजच्या लुडोच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. मोहेंजोदडोत मिळालेल्या कित्येक फाशांवर एकासमोर दोन, तिनासमोर चार आणि पाचासमोर सहा आहेत. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या एल्के रोगर्सडॉटर यांनी २०११मध्ये मोहेंजोदडोच्या उत्खननातल्या नोंदी नव्याने चाळल्या. तिथली जवळपास दर दहावी वस्तू खेळाशी जोडता येते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एवढा ऐवज गाठीशी असताना सिंधू संस्कृतीचं नाव घेऊन काय विकलं जातं? बहुधा ‘नर्तकी’ची नाहीतर ‘पुरोहित राजा’ची शोभेची प्रत.

त्या नर्तकीच्या वाट्याला तर आणखीही काही आलं. मे २०२३मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय संग्रहालय प्रदर्शनासाठी तिच्यावरून शुभंकर केलं गेलं. मूळ कांस्यमूर्ती जेमतेम १०.५ सेंटिमीटर उंचीची, १९२६मध्ये सापडलेली, अंगावर बांगड्या आणि हार. शुभंकर माणसाएवढं, गुलाबी कांतीचं आणि पूर्ण वस्त्रं ल्यालेलं. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांच्या शैलीत ते घडवलं आहे, असं सांगण्यात आलं आणि त्यावर टीकाही झाली. कलाकारानं प्राचीन वस्तूवरून नवं काही करावं, याला हरकत कुणाचीच नसावी. पण मूळ मूर्तीचा रंग, माप आणि वेश सगळंच बदलायचं आणि बदललं हे शेजारी लिहायचंही नाही, तर मूल ते चित्र खरं धरून बसतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर साहित्य हाताशी आहे आणि ते वापरणारे हात कमी आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव उजेडात आलं. चौकोनी घरं, धान्याच्या कणग्या, पाटाचं पाणी, आणि शेवटच्या काळात दुष्काळी परिस्थितीत उभारलेल्या गोल झोपड्या. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी मिळाली, तिच्यात मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती. सोबत मातीचा बैल. त्या गावात प्रौढांना पुरताना घोट्यापासून पाय तोडत. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं जुळवून त्यांत ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. असं का करत असावेत? मृताचं भूत परत येऊ नये म्हणून पाय तोडत असतील, आणि मूल घराबाहेर एकटं राहू नये म्हणून त्याला घरात ठेवत असतील, असे तर्क आहेत. मुलांना हे सांगायला पालक बिचकतील. पण मेंदू नाकातून काढून वाळवलेल्या ममीचं चित्र असलेली कंपासपेटी तेच पालक आनंदानं विकत घेतात.

दायमाबादची हकिगत तर तयार रहस्यकथा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४मध्ये झाडाचं मूळ उकरताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार कांस्यमूर्ती सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून अधिक. प्राणी चाकांवर किंवा चाकं बसवण्याच्या सोयीच्या बैठकीवर उभे, म्हणजे पाहताक्षणी खेळणीच वाटावीत. एवढी जड खेळणी ओढणार कोण? मिरवणुकीत नेत असावेत, असं काहींचं मत. आणि या मूर्ती घडवल्या कधी? उत्तर हडप्पा काळातल्या, इसवी सनापूर्वी २०००च्या आसपासच्या, असं ढवळीकरांसह अनेकांनी मानलं. इतर काहींनी त्या काळाविषयी शंका घेतली. वाद मिटत नाही याचं एक कारण साधं आहे. मूर्ती उत्खननाच्या चरात, थर पाहत पाहत मिळालेल्या नाहीत. त्यांच्या आसपासची माती काय सांगत होती, ते टिपायला त्या क्षणी तिथे कुणी नव्हतं. थराची नोंद का महत्त्वाची, हे मुलांना समजावायला याहून चांगलं उदाहरण कोणतं? १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. प्रत्येक उत्खनन संचात हे एका ओळीत छापायला काय हरकत आहे? गावागावांत नांगराच्या फाळाला नाणी आणि खापरं लागतच असतात.

मराठवाड्याकडे थेट रोमला जाऊन भिडणारा धागा आहे. १९३८मध्ये पॉम्पेईच्या अवशेषांत एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ती गाडली गेली होती, म्हणजे त्याआधीच समुद्र ओलांडून गेलेली. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत, त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असण्याची शक्यता अभ्यासक मांडतात. तेर ते इटली या प्रवासाचा पट काढला, वाटेत नाणेघाटाची जकात, भडोचचं बंदर, मोसमी वारे आणि तांबडा समुद्र अशी घरं ठेवली, तर भूगोल, व्यापार आणि इतिहास एका डावात शिकून होईल. अशा पटाला परदेशी ममीची उसनवारी करावी लागणार नाही.

हे सारं ‘आपलंच सगळ्यात जुनं’ असा डंका पिटण्यासाठी करायचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो धोका खरा आहे. सापशिडी ज्ञानेश्वरांनी निर्माण केली असं कित्येक खोक्यांवर आणि व्हॉट्सअॅपवर छातीठोकपणे लिहिलेलं असतं. मोक्षपटाची, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाची, परंपरा मोठी आणि अभिमानास्पद आहेच. पण हाती असलेले जुने पट बहुतेक अठराव्या शतकातले आणि त्यानंतरचे आहेत, आणि तेराव्या शतकाचा दुवा परंपरेनं सांगितलेला आहे. दोन्ही गोष्टी दोन वाक्यांत लिहिता येतात. तसंच सिंधू लिपीचं. चारशेच्या आसपास चिन्हं असलेली ती लिपी सर्वमान्य रीतीनं वाचली गेलेली नाही; मुलांच्या पुस्तकात तिचं ‘भाषांतर’ दिसलं तर पालकांनी ते पुस्तक खाली ठेवावं. त्याऐवजी चिन्हांचे ठसे देऊन ‘यातलं कोणतं चिन्ह वारंवार येतं ते मोज’ असं सांगणारं पुस्तक निवडावं. खरे अभ्यासकही तिथूनच सुरुवात करतात.

गिऱ्हाईक मिळेल का, ही शंका महाराष्ट्रात तरी घ्यायला नको. दर दिवाळीला इथली मुलं अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर हळीव-मोहरी पेरतात आणि बाजारातून मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज आणतात. मातीतून इतिहास उभा करण्याचा एवढा मोठा सार्वजनिक खेळ चालू आहे आणि तो पुरवणारे कुंभार, मूर्तिकार आणि पेठा तयार आहेत. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल ओढत नेतात. त्याच कारागिरांना इनामगावचा बैल, दायमाबादचा रथ आणि तेरची मातीची बाहुली करायला सांगणं मुळीच कठीण नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणन सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे कायद्याची वाटही मोकळी आहे.

बाहेरच्या देशांनी हे काम संग्रहालयांवर सोपवलं. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाची अशा वस्तूंची विक्री २०१७मध्ये दीड अब्ज युआनवर गेली होती. इजिप्तनं स्वस्त आयात प्रतींना तोंड देण्यासाठी २०२१मध्ये अधिकृत प्रतिकृतींचा कारखानाच काढला. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे, डेक्कन कॉलेजात इनामगावचा संग्रह आहे, तेरला लामतुरे संग्रहालय आहे. इंग्रजीत देविका करिअप्पा यांचं ‘इंडिया थ्रू आर्किऑलॉजी’ मुलांना उत्खननाच्या वाटेनं देशाचा इतिहास सांगतं. मराठीत ढवळीकरांनी सोप्या भाषेत लिहिलं, पण ते मोठ्यांसाठी. दहा वर्षांच्या मुलाला इनामगाव दाखवणारं सचित्र पुस्तक मागितलं तर पुस्तकांच्या दुकानात विक्रेता शिवचरित्राकडे बोट दाखवतो.

या तिन्ही संस्था, राज्याचं पुरातत्त्व खातं आणि एखादा धाडसी बालसाहित्य प्रकाशक यांनी मिळून पुढच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी एकच संच काढावा आणि तो दायमाबादचा असावा. तीन रंगांच्या मातीचे थर असलेली पेटी, मोजपट्टी, कुंचला, चौकोन आखलेली वही आणि रथाच्या आणि तीन प्राण्यांच्या छोट्या प्रती. संचाच्या अर्ध्या पेट्यांत प्रती एका ठरलेल्या थरात खापरांसोबत ठेवाव्यात, उरलेल्या अर्ध्यांत सुट्या, खड्ड्यात टाकल्यासारख्या. पत्रकावर दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांची मतं छापावीत आणि वर्गातल्या मुलांना दोन गट करून एवढंच विचारावं, की कोणत्या पेटीवरून रथाचं वय सांगता येतं. किंमत एका वाढदिवसाच्या भेटीला परवडेल इतकी ठेवावी, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना संच फुकट द्यावा. त्याची सुरुवात दायमाबादच्या श्रीरामपूर आणि इनामगावच्या शिरूर तालुक्यापासून करावी.